चेहऱ्याबाहेरचा कान

मंगळवारी संध्याकाळी कामावरून आल्यावर त्याने सवयीने पाण्याच्या बाटलीसाठी फ्रिजच्या दाराला हात घातला आणि दारावर स्वतःलाच बघून थबकला. पांढऱ्या कागदावर पेन्सिलीची एकच रेघ होती, कुठेही न तुटलेली. कपाळावरून निघून ती नाकावर घसरली होती, एका डोळ्याला दोनदा वळसा घालून हनुवटीपाशी गोंधळली होती आणि परत वर जाताना दुसरा डोळा गालावरच ठेवून गेली होती. उजवा कान तर चेहऱ्याच्या बाहेर, चांगला चार बोटं लांब, घरच्यांशी भांडून निघालेल्या माणसासारखा उभा होता. चित्र साफ चुकलं होतं. एका नजरेत त्याने सात चुका मोजल्या. आणि तरी तो तोच होता, यात तिळमात्र शंका नव्हती. जिवणीचा एक कोपरा किंचित खाली ओढलेला, कुणीतरी काहीतरी मागेल आणि आपल्याला नाही म्हणावं लागेल अशा तयारीत असलेला. हा कोपरा आपल्याला आहे हे त्याला पंचेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

"हे कुणी काढलं?"

"मी," बायको काकडी चिरता चिरता म्हणाली. "रविवारी खुर्चीत झोपला होतास ना, तेव्हा."

"कान बाहेर गेलाय."

"हो ना," ती हसली, "मलाही नंतरच दिसलं. कागदाकडे बघायचंच नसतं. पाच मिनिटं फक्त माणसाकडे बघायचं, हात चालू ठेवायचा, पेन्सिल उचलायची नाही. शनिवारच्या वर्गातला खेळ आहे."

तो बाटली घेऊन दुसऱ्या खोलीत गेला. पाणी प्यायला, पण तहान काही भागली नाही. त्याच्या पोटात दुखत होतं, आणि हे दुखणं कोणत्या जातीचं आहे हे कळण्याइतका तो शहाणा होता.

या घरात चित्रकार कोण, हे लग्नाच्या वेळीच ठरून गेलं होतं, खिडकीच्या बाजूला कोण झोपणार हे ठरावं तसं, न बोलता. तो चित्रकलेच्या शाळेत शिकलेला, ती हिशेबी डोक्याची, वीज कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसणारी. तेवीस वर्षं ती पाहुण्यांना सांगत आली होती, "मला बाई साधी चिमणी काढता येत नाही, ते खातं यांचं." आणि तो नम्रपणे मान खाली घालत आला होता. त्या खात्यात त्याने गेल्या वीस वर्षांत काय भर घातली, हे कुणी विचारलं नाही. तो छापील कापडाच्या कारखान्यात चित्रांच्या खोलीत काम करत होता. तिथे फुलं-पानं दुसरेच लोक काढत. तो ती जोडत असे. कापडावरची नक्षी म्हणजे एकच चौकोन पुन्हा पुन्हा छापलेला. चौकोनाची उजवी कड पुढच्याच्या डाव्या कडेशी आणि वरची खालच्या कडेशी अशी मिळाली पाहिजे, की मैलभर कापड उलगडलं तरी सांधा कुठे पडला ते कळू नये. सांधा दिसला तर पडद्यावर पट्टा पडल्यासारखं वाटतं आणि गठ्ठे परत येतात. त्याचा सांधा कधी दिसला नव्हता. खोलीत सगळे त्याला सांधेमास्तर म्हणत. ज्याचं काम दिसलं तर चुकलं आणि नाही दिसलं तर बरोबर, अशा माणसाचं कौतुक कोण आणि कशाचं करणार? त्याचं त्याला वाईट वाटत नसे. म्हणजे मंगळवारपर्यंत वाटत नव्हतं.

बायको वर्गाला जायला लागली तेव्हा तोच सगळ्यात जास्त हसला होता. बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाच्या माडीवर शनिवारी दुपारी मोठी माणसं जमत. शिकवणारी बाई पूर्वी दातांची डॉक्टर होती. येणाऱ्यांत एक बसचा ड्रायव्हर, एक औषधवाला आणि सत्तरीच्या दोन बहिणी, ज्या एकमेकींशी बोलत नाहीत पण खडूंची पेटी एकच वापरतात. बाईचे खेळही तसेच: डाव्या हाताने काढा. डोळे मिटून काढा. घरातल्या खुर्चीला पत्र लिहा. नेहमीच्या रस्त्याने जाताना फक्त गोल वस्तू मोजत जा. "आधी लोकांचे दात काढायची, आता लोकांना दात काढायला शिकवते वाटतं," तो म्हणाला होता, आणि ती मनमोकळं हसली होती. ती हसली म्हणून त्याला बरं वाटलं होतं. आता आठवून वाटत होतं, ती हसली कारण तिला काही लागलंच नाही. चार आण्याच्या खेळण्यावर खूश होणाऱ्या पोरासारखी ती शनिवारी घरी यायची, बोटांना रंग लागलेला, आणि ताटावर बसल्या बसल्या सांगायची की ड्रायव्हरने आज डाव्या हाताने काय सुंदर कावळा काढला. तो कावळा आपल्याला बघायचाही नाही आणि सुंदर असलेलाही नकोय, हे तो वरणासारखं गिळून टाकायचा.

बुधवारी मुलीचा फोन आला. ती शिकायला दुसऱ्या शहरात होती. आईने चित्राचा फोटो पाठवला होता. "बाबा, अगदी तू!" ती ओरडली, "रागावलेला नाहीस, पण कुणी रागावू नये म्हणून आधीच रागावून बसलेला. मी फोनवर लावलंय." त्याने लहानपणी तिला हत्ती काढून दिले होते. नखांसकट बरोबर, प्रत्येक पायाला योग्य तितकी नखं. ते हत्ती कुठे गेले ते विचारावंसं वाटलं त्याला. विचारलं नाही. खालच्या मजल्यावरच्या मावशी मीठ मागायला आल्या, तर फ्रिजसमोर उभ्या राहून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या आणि मग एकदम गप्प होऊन म्हणाल्या, "हिने तुम्हाला नीट बघितलंय हो." मीठ न घेताच गेल्या.

त्याच संध्याकाळी ते झालं, ज्याचं त्याला खरं लागलं. टेबलावर चहा सांडला. तो फडकं आणायला उठला तर ती म्हणाली, "थांब थांब, पुसू नकोस," आणि त्या डागाकडे मान तिरकी करून बघायला लागली. "उंट," ती म्हणाली. "बसलेला. आणि हा त्याचा मालक, पळून चाललाय. दहा गोष्टी शोधायच्या असतात एका डागात." उंट त्याचे होते. आठव्या वर्षी तो दोन महिने तापाने अंथरुणात होता आणि छताला ओल आली होती. त्या ओलीत आधी एक उंट होता, मग पाऊस वाढला तसे तीन झाले, मग एक बाई त्यांच्यासाठी दार उघडून उभी राहिली. दुपारभर तो त्यांच्याशी बोलत असे. आईला सांगितलं तर तिने कपाळावर हात ठेवून ताप बघितला. तो बरा झाला त्या दिवशी वडिलांनी छताला चुना मारला, घर स्वच्छ दिसलं, सगळे खूश झाले, तोही झाला असावा. पुढे चित्रकलेच्या शाळेत त्याला घेतलं ते हात स्वच्छ आहे म्हणून, कारखान्यात घेतलं तेही हात स्वच्छ आहे म्हणूनच. इतक्या वर्षांनी त्याच्याच टेबलावर, त्याच्याच चहात उंट उतरला, आणि तो दिसला कुणाला, तर जिला चिमणी काढता येत नाही तिला. त्याने डागाकडे बघितलं. चहा दिसला. त्याने फडकं मारलं. "लाकडाला डाग पडतो," तो म्हणाला. तिची मान जरा वेळ तशीच तिरकी राहिली.

गुरुवारी सकाळी ती आंघोळीला गेली असताना त्याने फ्रिजवरचं चित्र काढून फाईलमध्ये घातलं. फाडायचं नव्हतं. एवढा तो हलका नव्हता. त्याला फक्त स्वतःपुरतं सिद्ध करायचं होतं की हे चित्र नव्हे, योगायोग आहे. योगायोगाला सांधा बसत नाही. जे चौकोनात बसत नाही आणि शेजाऱ्याशी जुळत नाही ते काही काम नव्हे, ही त्याची आयुष्यभराची कसोटी होती, आणि त्या कसोटीवर त्याने भल्याभल्यांच्या फुलांना रडवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाल्यावर त्याने चित्राच्या प्रती छापून घेतल्या, चौकोन आखला, एका चेहऱ्याशेजारी दुसरा ठेवला आणि नाक मुरडून वाट बघितली. बाहेर गेलेला कान शेजारच्या गालात घुसला. अर्थातच. तो जरा खाली सरकवला, तर तोच कान शेजाऱ्याच्या गालावरच्या डोळ्याची पापणी होऊन बसला. वरच्या चौकोनातली गोंधळलेली हनुवटी खालच्या कपाळावर आली आणि तिथे केसांसारखी दिसायला लागली. एकही रेघ त्याला बदलावी लागली नाही. चेहऱ्यांची एक गर्दी तयार झाली, एकमेकांच्या कानात कान, डोळ्यात डोळा, सगळे तोंडाचा एक कोपरा खाली ओढून उभे, आणि सांधा शोधूनही सापडेना. वीस वर्षांत एवढा सोपा सांधा त्याच्या हाताखालून गेला नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायचीही सोय राहिली नाही. इथे अंगण वाकडं होतं आणि नाच मात्र सुरेख झाला होता.

"मास्तर, हे काय आहे?" मालकीणबाई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या कळलंच नाही. साठीची बाई, सासऱ्याचा कारखाना एकटीने सांभाळलेली, कामाचं बोलणारी. त्यांनी कागद उचलून उजेडात धरला. "कुणाचं?"

"माझं," तो म्हणाला.

तो शब्द त्याने ठरवून उच्चारला नव्हता. वाटेत खड्डा आला की पाऊल आपोआप लांब पडतं, तसा तो पडला. मालकीणबाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं, जणू या खोलीत एक माणूस नव्याने नेमला गेला होता. "इतकी वर्षं इथे बसलात," त्या म्हणाल्या, "आणि आज पहिल्यांदा तुमचं काहीतरी बघतेय मी." मग कागद खाली ठेवून, "सोमवारी अशी अजून तीन द्या. चार मिळून एक संच काढू. खाली तुमचं नाव घालू." आणि गेल्या. त्याचे कान तापले. दोन्ही कान चेहऱ्यालाच चिकटलेले होते, हे त्याने हात लावून बघितलं. एवढं कौतुक त्याला आयुष्यात मिळालं नव्हतं, आणि जे मिळालं ते दुसऱ्याच्या ताटातलं. लाज वाटायला हवी होती. पण लाजेच्या आधी जो राग आला तो बायकोचा आला. हिला जे झोपलेल्या नवऱ्याकडे बघत पाच मिनिटांत जमतं, त्याच्यासाठी मी वीस वर्षं मान मोडली.

घरी फ्रिजच्या दारावर रिकामं लोहचुंबक होतं. चोराच्या मनात चांदणं, तसा तो संध्याकाळभर कारणं जुळवत बसला. खिडकी उघडी होती, वारा होता, कागद मागे पडला असेल. ती विचारेल म्हणून तो तयार होता. तिने विचारलं नाही. दूध काढताना रिकाम्या जागेकडे तिने एकदा बघितलं, लोहचुंबक बोटाने सरळ केलं आणि दार लावलं. तिने आरडाओरडा केला असता तर त्याला झोप लागली असती.

शनिवारी ती वर्गाला गेल्यावर तो टेबलाशी बसला. तीन चित्रं. दुपारभर वेळ. नियम तर पाठ होते. आधी त्याने आरशात बघत, कागदाकडे न बघता स्वतःला काढलं, आणि पाच मिनिटांनी खाली बघितलं तर कान जागच्या जागी. हाताला न बघताही कागद दिसत होता. पुन्हा काढलं, या वेळी कान मुद्दाम बाहेर नेला. तो कान बाहेर गेला, पण हुकुमावरून उन्हात उभ्या केलेल्या शिपायासारखा. डाव्या हाताने काढून बघितलं. रेघ थरथरली, पण ती म्हाताऱ्याची नक्कल करणाऱ्या तरुण नटाची थरथर होती, कुणालाही कळली असती. डोळे मिटून काढलं तर कारखान्यातलं पाच पाकळ्यांचं फूल निघालं, पडद्यांवर चालणारं, नेमकं मापाचं. शेवटी त्याने चहा करून मुद्दाम टेबलावर ओतला आणि मान तिरकी करून वाट बघत राहिला. चहाचा ओघळ कडेपर्यंत गेला आणि थेंब थेंब त्याच्या पायावर पडायला लागला. उंट आला नाही. त्याला रडू आलं. पंचेचाळीस वर्षांचा माणूस चहाच्या थारोळ्यासमोर बसून रडतोय हे दृश्य तिने बघितलं असतं तर तिने पाच मिनिटांत काढलं असतं, आणि छान काढलं असतं, याचा त्याला रडतानाही हेवा वाटला.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तो तिच्या आजूबाजूला घुटमळत राहिला. तिच्या वर्गाबद्दल त्याने विचारलं. औषधवाल्याची तब्येत विचारली. त्या दोन बहिणी अजून बोलत नाहीत का, हेही विचारलं.

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस," ती म्हणाली. "काय हवंय?"

"तो खेळ. मला खेळायचाय."

मग तिने टेबल पुसलं, दोन कागद आणले, दोन पेन्सिली, आणि स्वयंपाकघरातलं अंडी उकडताना वेळ लावायचं छोटं घड्याळ मध्ये ठेवलं. ती समोर बसली. "तू मला काढ, मी तुला. खाली बघायचं नाही. घंटी वाजेपर्यंत हात थांबवायचा नाही, काही झालं तरी. घर पडलं तरी." आणि तिने घड्याळाला पाच मिनिटांची किल्ली दिली.

पहिलं मिनिट सोपं गेलं. तो तिच्याकडे नव्हे, काढायच्या वस्तूकडे बघत होता. कपाळ असं, भुवई अशी. मग बघायचं संपलं आणि वेळ उरला. खाली बघायची सोय नव्हती, खिडकीकडे बघायची नव्हती, पेपर नव्हता. तिच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस होता, एकटाच, ताठ. तो कधी आला? वरच्या ओठावर बारीक आडव्या रेघा होत्या, दिवसभर खिडकीतून लोकांना "बघते, नोंद करून घेते" म्हणणाऱ्या तोंडाच्या. आणि डोळे त्याच्यावर होते. तक्रार घेऊन आलेल्या माणसाकडे ती असंच बघत असेल, घाई न करता, तो खरं काय ते सांगेपर्यंत. तेवीस वर्षं खिडकीपलीकडच्या अनोळखी माणसांना हे मिळत होतं, आणि घरातल्या घरात त्याने ते कधी मागितलं नव्हतं. त्याला त्या रांगेतल्या सगळ्या माणसांचा, बिल वाढलेल्या आणि दिवे गेलेल्या सगळ्यांचा हेवा वाटला. घड्याळ टकटक करत होतं. हात चालू होता, कुठे चालू होता देव जाणे.

"ते चित्र मी नेलं," तो म्हणाला.

"माहितीय. हात थांबवू नकोस."

"मालकीणबाईंनी विचारलं कुणाचं. मी माझं म्हणून सांगितलं. उद्या अशी अजून तीन हवीत म्हणाल्या."

तिची पापणीही हलली नाही. पेन्सिलीचा आवाज दोन्हीकडून येत होता. त्याच्या हाताखाली काहीतरी वेगळं लागलं, खरखरीत, पण त्याने खाली बघितलं नाही. तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी सुरू झालं. तो राग असणार असं त्याने धरलं.

"म्हणजे आवडलं होतं तर," ती म्हणाली.

त्याने हात तसाच पुढे चालू ठेवला.

"मला वाटलं फाडलंस. तीन दिवस मी तसंच धरून चालले होते. मनात म्हटलं, हेव्याने जळला असेल. फाडलं असतंस ना, तर मी परत कधी काही काढलं नसतं. हे सांगून ठेवते."

"उद्या खरं सांगतो त्यांना. तुझं आहे म्हणून."

"सांग. आणि माझा कागद परत आण. फ्रिजवरची ती जागा बघवत नाही."

घंटी वाजली. दोघांनी खाली बघितलं. त्याचा कागद अर्धा कोराच होता. भुवया होत्या, तो एक पांढरा केस होता, इतका लांब की कपाळाबाहेर गेलेला, एक ओठ होता. मग रेघ एकाएकी धक्का बसल्यासारखी वाकडी झाली होती, कागदाच्या कडेवरून उतरली होती आणि टेबलाच्या लाकडावर हातभर लांब भरकटत गेली होती. आयुष्यात त्याची रेघ चौकोनाबाहेर गेली नव्हती. त्याने घाईघाईने फडकं उचललं, तर तिने त्याचं मनगट धरलं. ती टेबलावर वाकली होती, मान तिरकी करून. जिथे रेघ कागदावरून उतरली होती तिथे तिने बोट ठेवलं.

"इथे सांगितलंस ना मला?"

त्याने मान हलवली. तिने बोट उचललं नाही. थोडा वेळ ते तिथेच होतं, ताप बघावा तसं. मग ती उठली आणि चहा टाकायला गेली, आणि तिकडून तिने विचारलं की हे एक झालं, पण उरलेल्या दोन चित्रांचं उद्या काय करणार आहेस.

त्याने तिचा कागद स्वतःकडे ओढला. तोच होता. या वेळी दोन्ही कान बाहेर होते आणि तोंड उघडं होतं. त्याने पेन्सिलीची रेघ बोटाने सुरुवातीपासून पकडली आणि हळूहळू, सांधा शोधावा तशी, पुढे सरकवत नेली. त्याने चोरी सांगितली तेव्हा तिचा हात कुठे हलला, ती जागा त्याला बघायची होती. कपाळ, नाक, डोळा, हनुवटी. शेवटापर्यंत गेला. रेघ कुठेच थरथरली नव्हती. तो पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागला.